बीटी सरकीची ढेप खाणाऱ्या म्हशीचं दूध मुलीला द्यावं का?

वाचकाचं पत्र

आमची आठ एकर कोरडवाहू शेती आहे. सहा एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि मध्ये तुरीची तासं. दारात दोन म्हशी, तीन महिन्यांची एक वगार आणि सात-आठ गावरान कोंबड्या. म्हशींना रोज सरकीची ढेप चालते, उरलीसुरली कोंबड्यांनाही टाकतो. दूध घरचंच, माझी चार वर्षांची मुलगी दोन्ही वेळ पिते. महिन्याभरापूर्वी पुण्याच्या नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. बीटी सरकीची ढेप खाल्लेल्या जनावराच्या दुधानं पोरी लवकर वयात येतात, पुढे मूल होत नाही, कॅन्सर होतो, असं त्यात एक माणूस सांगतो आणि गाठी आलेले उंदीर दाखवतो. तेव्हापासून सासूबाईंनी मुलीचं दूध बंद केलं आहे. वांगी, पपई, बिनबियांची द्राक्षं, स्वीट कॉर्न हेही सगळं बीटीच, असं म्हणतात. दिवाळीचं तळण आम्ही सरकीच्या तेलात करतो. तालुक्याच्या मिलमधून सुटं आणतो, स्वस्त पडतं. दोन वर्षांपासून घरचे तणनाशकाचं बियाणंही लावतात. काय बंद करू आणि काय चालू ठेवू? घरी तपासून बघता येतं का?

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, मुलीचं दूध आज संध्याकाळपासून पुन्हा चालू करा. बाकीचं पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण ते वाचून होईपर्यंत तिला थांबवू नका. चार वर्षांच्या मुलीला घरचं ताजं दूध मिळतं, ही तुमच्या घरातली मोठी जमेची बाजू आहे. जे बंद करायला हवं ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त ते दूध नाही.

सरकी म्हणजे कपाशीचं बी, आणि त्याचं तेल काढून उरलेला चोथा म्हणजे ढेप. सरकीत नेमकं काय असतं ते पाहू. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सापडणारा जिवाणू. त्याचा एक जनुक कपाशीत घातला की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. मार्च 2002 मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या वाणांत क्राय-1-एसी हे एकच प्रथिन होतं. 2006 पासूनच्या बोलगार्ड-2 मध्ये त्याच्या जोडीला क्राय-2-एबी आलं. बोंडअळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि भोकं पाडतं. अळीचं खाणं सुटतं आणि ती मरते. माणसाच्या जठरात त्याच्या उलट आम्ल असतं, तिथे हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं पचून जातं, आणि ते चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नाही. म्हशीच्या बाबतीत तर ढेप आधी कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात जाते, तिथले जिवाणू तिचे तुकडे करतात, मग पुढची पोटं, मग रक्त, मग कास. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना बोलगार्ड-2 ची सरकी खाऊ घालून दूध तपासलं. त्यात ही प्रथिनं सापडली नाहीत. हे प्रथिन संप्रेरक नाही आणि संप्रेरकासारखं वागतही नाही, त्यामुळे मुली लवकर वयात येण्याचा आणि ढेपेचा संबंध लावायला काही आधार नाही.

गाठी आलेल्या उंदरांचं चित्र बहुधा 2012 च्या एका फ्रेंच प्रयोगातलं असावं, कारण असे व्हिडिओ त्याच चित्रांवर चालतात. त्या प्रयोगात कपाशी नव्हती, मका होता. एकेका गटात फक्त 10 उंदीर होते आणि वापरलेली जात अशी, की म्हातारपणी त्यांना काहीही खाऊ घातलं तरी बऱ्याच जणांना गाठी येतात. ज्या नियतकालिकानं तो लेख छापला त्यानंच 2013 मध्ये तो मागे घेतला. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका नियतकालिकानं तो पुन्हा छापला, म्हणून वाद अजून चालू दिसतो. पण गटात 10 उंदीर असताना गाठी खाण्यामुळे आल्या की वयामुळे, हे त्यातून ठरवता येत नाही, ही अडचण पुन्हा छापल्यानं सुटत नाही.

आता ‘मूल होत नाही’ याबद्दल. या अफवेच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती तुमच्या घराशी जवळून जोडलेली आहे, म्हणून इथे थोडं थांबू. घरातली एक सरकी घ्या, ब्लेडनं आडवी कापा आणि उजेडात धरा. आतल्या पिवळसर गरावर बारीक काळे ठिपके दिसतील, मोहरीहूनही कितीतरी लहान. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. कीड-रोगापासून बचावासाठी कपाशीनं ते लाखो वर्षांपासून बनवलेलं आहे. बीटी असो, देशी असो, तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळातली कपाशी असो, ते सगळ्यांत असतं. चीनमधल्या काही खेड्यांत लोक कच्चं सरकीचं तेल स्वयंपाकात वापरत होते आणि तिथे जोडप्यांना मुलं होईनात. शोध घेतला तेव्हा बोट गॉसिपॉलकडे गेलं. 1970 च्या दशकात चीननं पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून हेच द्रव्य हजारो पुरुषांवर वापरून पाहिलं. शुक्राणू कमी झाले, पण रक्तातलं पोटॅशियमही घसरायला लागलं आणि काहींची जननक्षमता परत आलीच नाही, म्हणून ते सोडून दिलं. सरकीच्या तेलाबद्दलची भीती कुठून आली ते यावरून कळेल. बीटी जनुकाचा त्यात काही हात नाही.

म्हणून तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ आम्हाला वाटली ती ‘मिलमधून सुटं आणतो’ ही. ते तेल उद्यापासून बंद. मिलमधून निघालेलं कच्चं सरकीचं तेल काळपट तांबूस असतं आणि त्यात गॉसिपॉल असतं. ‘कॉटन वॉश’ म्हणून विकतात ते कॉस्टिक सोड्यानं धुतलेलं, म्हणजे पहिली पायरी झालेलं असतं. तो रिफायनरीचा कच्चा माल आहे, स्वयंपाकघराचा नाही. खाण्यायोग्य तेलाच्या तीन पायऱ्या असतात. कॉस्टिक सोड्यात गॉसिपॉल आणि मोकळी स्निग्धाम्लं साबणासारखी खाली बसतात, मग विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात, आणि शेवटी निर्वातात 200 अंशांच्या वर वाफ सोडून वास काढतात. या सगळ्यातून बाहेर पडलेल्या फिकट पिवळ्या तेलात गॉसिपॉल उरत नाही आणि प्रथिनही जवळपास उरत नाही. क्राय प्रथिन हे प्रथिनच, तेव्हा तेही तेलात येत नाही. सरकीचं तेल खाण्यासाठी विकायचं तर ते रिफाइंडच असावं असं अन्न सुरक्षा नियमांतलं मानक सांगतं. शिवाय राज्य सरकारनं खास सूट दिल्याशिवाय कोणतंही खाद्यतेल सुटं विकायला कायद्यानं बंदी आहे. सीलबंद पिशवी किंवा डबा घ्या. त्यावर ‘रिफाइंड कॉटनसीड ऑइल’, 14 आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असावी. ते तळणाला चांगलं तेल आहे, चकल्या-शेवेला बिनधास्त वापरा. एवढंच, की कढईतलं तेल काळं पडलं, वर फेस धरायला लागलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागलं की त्यात पुन्हा तळू नका.

बीटीचा प्रश्नच नको असं सासूबाईंना वाटत असेल तर त्यालाही सोपा रस्ता आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, मोहरी, तांदळाचा कोंडा, खोबरं यांपैकी कोणतंही तेल घ्या. यातल्या कोणत्याच पिकाचं जीएम वाण, म्हणजे बीटीसारखा बाहेरचा जनुक घातलेलं वाण, भारतात बाजारात नाही. जीएम मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राच्या समितीनं हिरवा कंदील दाखवला, पण जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही आणि ती शेतकऱ्याच्या हातात आलेली नाही. सोयाबीनचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे पिकतं ते सोयाबीन जीएम नाही, म्हणून सोया वडी, सोया पीठ याबद्दल शंका नको. पण रिफाइंड सोयाबीन तेलात अर्जेंटिना-ब्राझीलहून आलेलं कच्चं तेल मिसळलेलं असतं आणि तिकडचं जवळपास सगळं सोयाबीन जीएम असतं. घाण्याचं शेंगदाणा तेल घेत असाल तर दाणे स्वतः निवडून द्या. बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे घाण्यात गेले तर त्यांचं विष तेलात उतरतं, आणि घाण्याच्या तेलाला रिफायनरीसारखी चाळणी नसते.

बुरशीवर आलोच आहोत, तर ढेपेकडे वळू. मुलीच्या दुधाचा खरा शत्रू इथे आहे. ढेप ओलसर जागी राहिली की तिच्यावर पिवळसर हिरवी बुरशी धरते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. म्हशीनं ती ढेप खाल्ली की यकृतात त्या विषाचं रूप बदलतं आणि 12 ते 24 तासांत ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही, विरजण लावूनही जात नाही. ते दुधातल्या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून खवा-पनीरमध्ये उलट दाट होतं. एक किलो दुधात त्याची कायदेशीर मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. एवढ्या बारीक मर्यादेला कारण आहे, हे यकृताचा कर्करोग करणारं द्रव्य आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून 6,432 दुधाचे नमुने तपासले, त्यांतल्या 368 नमुन्यांत ते मर्यादेच्या वर निघालं. व्हिडिओतल्या माणसाला दुधातल्या कॅन्सरबद्दलच बोलायचं असेल तर त्यानं याबद्दल बोलायला हवं होतं.

दिलासा एवढाच, की हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. बुरशी लागलेली ढेप थांबवली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. पावसाळ्यात एकदम दोन महिन्यांची ढेप भरू नका, पंधरा-वीस दिवसांपुरतीच आणा. पोतं जमिनीवर टेकवू नका; विटांवर लाकडी फळ्या टाकून त्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी तिथेच सुरू होते. पोतं आणल्यावर दुकानदारासमोरच एक मोठा तुकडा फोडून बघा. बाहेरून सुकी दिसणारी ढेप मध्यभागी ओली, गरम किंवा जाळं धरलेली असू शकते. कुबट वास आला तर परत करा. घरी लागलेली ढेप उन्हात वाळवून किंवा चांगल्या ढेपेत मिसळून खपवू नका. बुरशी वाळते, विष तसंच राहतं. ती शेणखताच्या खड्ड्यात टाका, कोंबड्यांना तर अजिबात नको, कारण अफलाटॉक्सिन जनावरांपेक्षा कोंबडीला फार लवकर बाधतं. ढेप भिजवता तेव्हा दोन-तीन तासांपुरती, त्या वेळेला लागेल तेवढीच भिजवा. उन्हाळ्यात रात्रभर भिजलेली ढेप आंबते. टोपल्याच्या कडांना राहिलेला थर रोज खरवडून धुवा. एका दुभत्या म्हशीला दिवसाला दोन ते अडीच किलोच्या वर ढेप नको. बाकीची भूक मक्याचा भरडा, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा यांनी भागवा.

दोन म्हशींना ढेप चालते म्हणून वगारीलाही चालेल असं धरू नका. मोठ्या जनावराचं कोटीपोट गॉसिपॉलला बांधून निष्प्रभ करतं. तीन महिन्यांच्या वगारीचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं. तिला चार महिने पुरे होईपर्यंत सरकी नको आणि ढेपही नको; पुढेही पाव किलोपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. गॉसिपॉलनं बाधलेलं वासरू अशक्त होतं, धापा टाकतं, आणि घरचे न्यूमोनिया समजून बसतात. कोंबड्यांना पडणारी ढेपही थांबवा. त्यांना कोटीपोट नाहीच. तुमच्या कोंबड्यांची अंडी आठवडाभर ठेवून फोडलीत आणि बलक शेवाळी-तपकिरी दिसला, तर ती ढेपेचीच खूण आहे. आणि पेरून उरलेलं, रंग लावलेलं बियाणं कुठल्याच जनावरापुढे जाऊ देऊ नका. तो रंग म्हणजे कीटकनाशकाची प्रक्रिया केल्याची खूण असते.

भाजी-फळांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात काळजीचं फारसं काही नाही. भारतात व्यापारी लागवडीला मंजूर झालेलं जीएम पीक एकच आहे, ते म्हणजे कपाशी. बिनबियांची द्राक्षं थॉमसन जातीतल्या नैसर्गिक बदलातून आलेली आहेत. सांगलीच्या तासगाव भागातली तास-ए-गणेश त्याच थॉमसनमधून निवडलेली. मणी मोठा होतो तो जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवल्यानं. तैवान पपई संकरित आहे. जीएम पपई अमेरिकेतल्या हवाई बेटांवर 1998 पासून आहे, आपल्याकडे नाही. स्वीट कॉर्नची गोडी मक्यातल्याच एका जुन्या नैसर्गिक जनुकाची. संकरित आणि जीएम या दोन गोष्टी आपल्याकडे कायम एकमेकींत मिसळल्या जातात, त्यातून निम्म्या अफवा येतात. फळावरच्या स्टिकरचा आकडा 8 नं सुरू झाला की ते जीएम, हेही खरं नाही. तो आकडा बाजारात त्या अर्थानं कधी वापरात आलाच नाही.

वांग्याचं मात्र दोन ओळींत संपत नाही. बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीनं तयार केलं, ऑक्टोबर 2009 मध्ये तांत्रिक समितीनं त्याला मान्यता दिली, तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी ते रोखून धरलं. ती स्थगिती अजून उठलेली नाही. बांगलादेशात 2014 पासून ते शेतात आहे. हरियाणात 2019 मध्ये चोरून लावलेलं सापडलं, ते उपटून नष्ट केलं. तुमच्या बाजारातल्या वांग्यात जनुक नाही, पण शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी त्याच्यावर फवारण्या मात्र खूप होतात. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं ते औषधागणिक वेगळं असतं आणि डबीसोबतच्या पत्रकात लिहिलेलं असतं. परसबागेत स्वतः फवारत असाल तर तो आकडा कॅलेंडरवर टाका. विकतचं वांगं वाहत्या पाण्यात चोळून धुवा, देठाकडची टोपी काढून टाका, औषध तिथे अडकून राहतं.

म्हणजे जीएम अन्न सगळं निर्धोकच, असं आम्ही म्हणतो का? तसंही नाही. प्रत्येक जनुक वेगळा आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी व्हायला हवी. अमेरिकेत सोयाबीनचं पोषण वाढवायला ब्राझील नटचा जनुक घातला होता. ब्राझील नटची ॲलर्जी असणाऱ्यांच्या रक्तात त्या सोयाबीनलाही तशीच प्रतिक्रिया आली, 1996 मध्ये तसा निष्कर्ष छापून आला आणि ते बियाणं बाजारात आलंच नाही. तिथे तपासणी कामाला आली. 2000 साली मात्र फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाण्यात सापडला. ज्यांनी त्रास झाल्याच्या तक्रारी केल्या त्यांपैकी काहींचं रक्त तपासलं तेव्हा ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, पण वेगळं ठेवायचं धान्य वेगळं राहत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2016 मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की मंजूर जीएम पिकं खाल्ल्यानं आजार वाढल्याचं दिसत नाही. आम्हाला तो निष्कर्ष पटतो. पण बहुतेक चाचण्या कंपनीच्या खर्चानं आणि उंदरांवर 90 दिवसांच्या असतात, आणि त्यांची कच्ची माहिती लोकांपुढे यावी हा आग्रह रास्तच आहे.

आणखी एका बाबतीत आमचं मत ठाम आहे. काय खातोय हे कळायचा हक्क तुम्हाला कागदावर आहे, दुकानात नाही. 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला ‘जीएम’ असं छापायचा नियम आहे. तुम्ही असं पाकीट कधी पाहिलं आहे का? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं 2018 मध्ये बाजारातले 65 पदार्थ तपासले; 32 टक्के नमुन्यांत जीएम अंश निघाले, बहुतेक आयात केलेल्या पदार्थांत. 2021 पासून 24 पिकांच्या आयात मालासोबत ‘जीएम नाही’ असा दाखला लागतो, पण पाकीटबंद पदार्थ त्यातून सुटतात. तोपर्यंत तुमच्या हाती एवढं आहे. फरसाणाच्या पाकिटावर ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’च्या कंसात कोणतं तेल आहे ते वाचा. अमेरिकेहून कोणी खाऊ आणला तर ‘बायोइंजिनिअर्ड’ हा शब्द शोधा. तिकडे 2022 पासून तो छापणं सक्तीचं आहे. ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं चिन्ह ज्यावर असेल, त्या मालात जीएम बियाणं चालत नाही. शंका आली तर पाकिटाचा फोटो आणि बिल ठेवून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 1800112100 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घरी तपासायची कसोटी नाही. तेल तर प्रयोगशाळेत पाठवूनही उपयोग होत नाही, कारण त्यात तपासायला जनुकच उरलेला नसतो. पान किंवा सरकी बीटी आहे का ते पट्टीवर कळतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं असे संच तयार केलेले आहेत. पानाचा तुकडा द्रावणात कुटून पट्टी बुडवली की काही मिनिटांत रेघ उमटते. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमची सरकी बीटीच आहे, देशात नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी तीच आहे.

आता तणनाशकाचं बियाणं. दूध चालू करा हे जितक्या ठामपणे सांगितलं, तितक्याच ठामपणे हे बंद करा असं सांगतो. गावात ज्याला चोरबीटी म्हणतात, त्या कपाशीत ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारा आणखी एक जनुक असतो. ते तंत्र आणणाऱ्या कंपनीनं मंजुरीचा अर्ज 2016 मध्ये स्वतःच मागे घेतला, म्हणजे भारतात त्याची सुरक्षा-तपासणी शेवटाला गेलेलीच नाही. बोलगार्डबद्दल जो भरवसा वर दिला तो या सरकीबद्दल आम्ही देऊ शकत नाही. पाकिटावर खरा लॉट नंबर नसतो, बिल नसतं, उगवलं नाही तर पंचनामा करायला कोणी येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या बियाण्यामुळे उभ्या पिकावर तणनाशक पडतं. ग्लायफोसेटला मान्यता होती ती चहाचे मळे आणि पडीक जागेसाठी. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून ते फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रकांनीच वापरावं असं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांना ते मान्य नाही. तो वाद मिटो न मिटो, तुमच्या तासातली तूर त्यानं जळते हे तर घरच्यांनीही पाहिलं असेल.

याच ठिकाणी प्रश्न तुमच्या ताटात येतो. निंदणाला गेलेली बाई पऱ्हाटीतून घोळ, चिवळ, तांदुळजा या रानभाज्या ओच्यात घालून आणते, आणि म्हशीसाठी गवताचा भाराही त्याच तासांतून येतो. तणनाशक मारलेलं तण लगेच पिवळं पडत नाही, चार-सहा दिवस ते हिरवंगार दिसतं. नेमक्या त्याच दिवसांत ते खुडलं जातं. कीटकनाशकाचंही तसंच. आंध्रात 2006 च्या सुमारास बीटी कपाशीत चरलेल्या मेंढ्या मेल्याची बातमी झाली होती. सरकारी तपासणीत कीटकनाशकांचे अंश आणि चाऱ्यातलं नायट्रेट हे संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. 2017 चा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना, फवारण्या वाढल्या, आणि तुमच्याच जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. फवारणीचे कपडे मुलीच्या कपड्यांसोबत एका बादलीत भिजवू नका. औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये दूध नको, पाणी नको, कोंबड्यांचं खाणंही नको. भोक पाडून निकामी करा.

या हंगामात घरच्यांना एकच गोष्ट मान्य करायला लावा. घराकडच्या बांधालगतचा दहा-बारा फुटांचा पट्टा फवारणीतून पूर्ण वगळायचा, तिथे पऱ्हाटीही लावायची नाही, तूर आणि ज्वारी लावायची. वारा त्या पट्ट्याकडे वाहत असेल त्या दिवशी शेजारच्या तासांत पंप चालवायचा नाही. चार कोपऱ्यांना चार काठ्या रोवून जुन्या साडीच्या चिंध्या बांधा, म्हणजे मजुरालाही न सांगता कळेल. घोळ-चिवळ तिथूनच खुडा, आणि म्हशींचा गवताचा भाराही तिथलाच असू द्या.